जत्रेबद्दलचं एक वाक्य

नांदेड

चिपळूण सोडून मराठवाड्यात मी या वयात पहिल्यांदाच गेले. कॉलेजात राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झाले त्याला बराच काळ झाला, पण अधूनमधून वादविवाद स्पर्धांना परीक्षक म्हणून बोलावणं येतं. या वेळचं बोलावणं नांदेडचं होतं. पहिली फेरी नांदेडला, अंतिम फेरी लातूरला. मध्ये एक मोकळा दिवस. त्या दिवशी गोदावरीचा घाट बघायचा, गुरुद्वाऱ्यात लंगरला बसायचं, असा माझा साधा बेत होता.

थंडीचे दिवस होते, तरी दुपारचं ऊन आमच्या मे महिन्यासारखं कोरडं लागत होतं. आमच्याकडे घाम येतो, इथे ओठ फुटतात. जेवणात भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि लसणाचा ठेचा. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा वाढणाऱ्या बाई म्हणाल्या, "हे तर पाहुण्यासाठी कमी तिखट केलंय, मॅडम."

स्पर्धेचा विषय होता: इंटरनेटचं नियंत्रण सर्व देशांच्या सरकारांनी मिळून करावं. विषय मोठा, जिल्ह्याच्या गावातल्या सभागृहात जरा परकाच वाटणारा. बाजूने बोलणारी मुलं म्हणत होती की विमानं कुठून कशी उडावीत, टपाल एका देशातून दुसऱ्या देशात कसं जावं, हे सगळ्या सरकारांनी बसून ठरवलं, मग इंटरनेटच तेवढं मूठभर कंपन्यांच्या हातात का? विरोधातली मुलं म्हणत होती की त्या टेबलाभोवती आपल्याच लोकांना घाबरणारी सरकारंही बसणार, आणि एकमेकांना सांभाळून घेणार.

विरोधात बोलायला हदगावच्या बाजूच्या एका कॉलेजची मुलगी उभी राहिली. तिचं खरं नाव मी इथे लिहीत नाही, वैष्णवी म्हणते. तिच्या गावाचंही नाव लिहीत नाही. का, ते पुढे कळेलच. बारीक चणीची, आवाज मात्र खणखणीत. ती म्हणाली, "समजा, मी उद्या म्हणाले की आमच्या गावची जत्रा बंद केली पाहिजे. तिच्यात नुसता पैसा जातो आणि दारू वाहते. माझ्या गावाला राग येईल. येऊ द्या! ते मला चावडीवर बोलावतील, मी त्यांना उत्तर देईन. पण माझं वाक्य चालेल की नाही, हे माझं गाव माहीत नसलेल्या लोकांनी दूर कुठल्या तरी देशात बसून का ठरवावं?"

टाळ्या पडल्या. मी तिला चांगले गुण दिले. परीक्षक म्हणून जाते तिथे मी प्रत्येक भाषण माझ्या फोनवर रेकॉर्ड करून ठेवते, नंतर शंका आली तर ऐकता यावं म्हणून. तिचंही केलं होतं. तिचा संघ अंतिम फेरीत गेला. तिचे शिक्षक कदम सर मला भेटायला आले तेव्हा आनंदाने त्यांना नीट बोलताही येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लंगरमधून बाहेर पडत होते. पंक्तीत शेजारी बसलेल्या आजींनी आग्रहाने आणखी एक पोळी वाढायला लावली होती आणि मी जडावले होते. तेवढ्यात कदम सरांचा फोन आला. आवाज ओळखू येईना.

"मॅडम, तुम्ही तो व्हिडिओ पाहिला का?"

त्यांनी पाठवलेला तुकडा मी चपला घालता घालता पाहिला. वैष्णवी व्यासपीठावर उभी आणि ठणकावून सांगतेय: "आमच्या गावची जत्रा बंद केली पाहिजे. तिच्यात नुसता पैसा जातो आणि दारू वाहते." संपलं. आधीचं "समजा" नाही, नंतरचं काहीच नाही. खाली तिचं नाव, गावाचं नाव, आणि देवाचा अपमान केल्याची भाषा. जत्रा आठवड्यावर आली होती.

स्पर्धेचं थेट प्रक्षेपण झालं होतं, तुकडा त्यातूनच कुणीतरी कापला होता. मी आयोजकांना फोन केला, म्हटलं पूर्ण भाषणाची चित्रफीत सगळीकडे पाठवा. ते गडबडीने म्हणाले, "मॅडम, आम्ही ते प्रक्षेपणच काढून टाकलं. उगाच संस्थेवर यायला नको." म्हणजे अख्खं भाषण आता फक्त माझ्या फोनमध्ये उरलं होतं.

हदगावच्या वाटेवर

कदम सरांच्या मोठ्या बहिणीच्या नांदेडमधल्या घरी वैष्णवी उतरली होती. मी पोचले तेव्हा ती पलंगाच्या कडेवर बसून फोनकडे बघत होती. तिने त्या व्हिडिओच्या साइटकडे तक्रार केली होती. उत्तर लगेच आलं होतं, इंग्रजीत, कुणा माणसाने लिहिलेलं नसावं असं. आमच्या नियमांचा भंग आढळला नाही, कळवल्याबद्दल आभार.

"नियमाचा भंग न्हाईच की," ती म्हणाली. "मी बोललेच हाय ते."

तिच्या वडिलांचा दोनदा फोन येऊन गेला होता. पहिल्यांदा म्हणाले, गावाकडे येऊ नको. दुसऱ्यांदा म्हणाले, दुपारी देवळापाशी बैठक बसणार आहे, मी बघून घेतो. त्या दुसऱ्या फोननंतर तिने चप्पल घातली होती.

"पप्पा एकटे हायत तिथं. मला जायचंय."

मी माझं रेकॉर्डिंग कदम सरांना पाठवलं, सरांनी तिच्या वडिलांना. पलीकडे ते पोचेना. थोड्या वेळाने कळलं की त्या भागातलं मोबाइलचं नेट बंद केलंय. दोन गावांची पोरं फाट्यावर जमली होती म्हणे. कुणी बंद केलं विचारलं तर प्रत्येकाचं उत्तर एकच, वरून. कापलेला तुकडा तोवर घराघरांत पोचला होता. नेट नसलं तरी फोनला फोन जोडून तो पुढे जाणं चालूच होतं. पूर्ण भाषण मात्र नांदेडमध्येच अडकलं.

"मग मी येते," मी म्हटलं. हे शूरपणाने म्हटलं नाही. माझ्या फोनमधलं रेकॉर्डिंग खरं आहे असं समोर उभं राहून सांगणारं कुणीतरी लागेल, एवढाच विचार होता. कदम सरांनी गाडी काढली.

अर्धापूरच्या पुढे दोन्ही बाजूंना केळीच्या बागा लागल्या. आमच्याकडे केळ म्हणजे विहिरीजवळ परसात दोनचार झाडं, इथे नजर जाईल तिथवर रांगा. एरवी मी गाडी थांबवून उतरले असते. वारंगा फाट्याला खिचडीसाठी सगळे थांबतात, आम्हीही थांबलो, कारण कदम सरांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. खिचडी खरोखरच चविष्ट होती. वैष्णवीने ताट समोर घेतलं आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसांकडे बघत राहिली. ती माणसं फोन बघत होती.

"मलाच बघून राहिले का, मॅडम?"

"नाही गं. क्रिकेट असेल."

मला माहीत नव्हतं काय असेल ते.

हदगाव मागे पडलं आणि माझ्या फोनवरच्या नेटच्या खुणेवर फुली आली. कापसाची वेचणी चालू होती, बाया कमरेच्या ओटीत कापूस भरत होत्या, काळ्या रानात हरभरा हिरवागार होता. सगळं इतकं शांत की भीतीला जागाच नसावी. वैष्णवीने ओढणी डोक्यावरून घेतली. "नेट बंद करणारांच्या विरोधात मी काल बोलले," ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली. "आज वाटून राहिलं, सकाळीच बंद केलं असतं तर बरं झालं असतं."

गाव

कोकणात घरं एकमेकांपासून लांब. बातमी पायवाटेने, आगरातून, दम खात पोचते. इथे भिंतीला भिंत. गाडी वेशीत शिरली आणि आम्ही देवळाशी पोचायच्या आधी सगळ्यांना कळलं होतं.

सभामंडपात बरीच माणसं बसली होती. पुरुष पुढे, बायका खांबांच्या मागे. वैष्णवीचे वडील एका बाजूला मांडी घालून बसले होते. त्यांच्या दोन्ही बाजूंना जागा रिकामी होती. मुलीला बघून ते उठले, तिच्यापर्यंत आले आणि हळू आवाजात एवढंच म्हणाले, "काऊन आलीस?"

जत्रा समितीचे प्रमुख माधवराव, सगळे त्यांना तात्या म्हणत. पांढरा सदरा, डोक्याला रुमाल, आवाज न चढवता बोलणारे. मी माझी ओळख करून दिली, परीक्षक आहे, मुलीचं पूर्ण भाषण माझ्याकडे आहे, ते ऐकावं ही विनंती. तात्यांनी मला बसायला खुर्ची मागवली. वैष्णवी उभीच होती.

"ऐकू की," तात्या म्हणाले. "मोठ्यानं लावा. समद्याला ऐकू द्या."

देवळाचा माइक आणला. मी फोन माइकला धरला आणि बटण दाबलं. आधी नुसती खरखर. मग देवळाच्या कळसावरच्या कर्ण्यातून, अख्ख्या गावावर, माझाच आवाज गेला: "अहो, चहा कधी देणार हे लोक? डोळे मिटायला लागलेत माझे."

भाषण सुरू व्हायच्या आधी शेजारच्या परीक्षकांशी मी कुजबुजले होते, ते मी साफ विसरले होते. कानशिलं तापली. खांबामागून कुणी बाई फिस्सकन हसली, तिच्या पाठोपाठ दुसरी, आणि मग पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने तोंडावर रुमाल धरला. तात्याही हसले. मघापासून ताठ बसलेले लोक जरा सैलावले. तेवढ्यात वैष्णवीचं भाषण सुरू झालं.

ते वाक्य आलं तेव्हा माणसं पुन्हा ताठ बसली. पण आता त्याच्या आधी "समजा" होतं आणि नंतर "ते मला चावडीवर बोलावतील, मी त्यांना उत्तर देईन" होतं. ते ऐकून काही जणांनी एकमेकांकडे बघितलं. खरोखरच बोलावलं होतं आणि ती खरोखरच समोर उभी होती.

रेकॉर्डिंग संपलं. तात्यांनी माइक बाजूला सरकवला.

"म्हणली तर हायच," ते म्हणाले.

"हाव, म्हणले," वैष्णवी म्हणाली. "पण उदाहरण म्हणून, तात्या. जत्रा बंद करा असं मला वाटत न्हाई. लहानपणापासून मी जत्रेला आले न्हाई असं एक साल न्हाई."

मागे काही तरुण पोरं उभी होती. त्यांतला एकजण म्हणाला, "हे आत्ता बनवून आणलं असंल. आजकाल आवाज बी बनवता येतो, तात्या." त्याच्याबरोबरची पोरं हसली नाहीत, वळून निघून गेली. त्यांच्या पाठी बघताना मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. मी पुरावा म्हणून जे घेऊन आले होते, तेच त्यांनी खोटं ठरवलं, आणि खरं आहे हे दाखवायचा रस्ता मला ठाऊक नव्हता.

तेवढ्यात मघाशी हसलेली बाई खांबाच्या पुढे आली. "आवाज बनवलेला हाय का खरा हाय, ते राहू द्या. दारू वाहते हे तरी खोटं हाय का?"

बायकांमध्ये एकदम कुजबूज उठली. पुरुष चुळबुळले. वैष्णवी गोंधळून तिच्याकडे बघत राहिली. जे तिने म्हटलंच नव्हतं, त्याच्या बाजूने आता लोक उभे राहत होते. तात्यांनी हात वर केला. "ते नंतर बघू, काकू. आजचा विषय पोरीचा हाय." मग वैष्णवीकडे वळून म्हणाले, "जा लातूरला. पण पुन्यांदा आमच्या गावाचं उदाहरण देऊ नको. दुसऱ्या कुण्या गावाचं दे."

लोक उठले. सगळे समाधानाने उठले असं मी म्हणणार नाही. काही जण वैष्णवीच्या वडिलांशी न बोलता गेले. एकाने जाता जाता तिच्या डोक्यावर हात ठेवला. आम्ही तिच्या घरी गेलो तेव्हा तिची आई चूल पेटवत होती. तिने आधी माझ्या हातात चहाचा पेला दिला आणि मग पदराने डोळे पुसले. वडील म्हणाले, "मॅडम, लातूर राहू द्यावं म्हणतो मी. झालं तेवढं लई झालं."

"पप्पा, आता न्हाई गेले तर ती पोरं म्हणतील, खरंच होतं म्हणून गेली न्हाई."

वडील उठले. त्यांनी दोरीवरचा सदरा काढला आणि तेही आमच्याबरोबर गाडीत बसले.

लातूर

लोहा, अहमदपूर, चाकूर अशी गावं मागे टाकत आम्ही रात्री लातूरला आलो. शहरात शिरताच शिकवणी वर्गांच्या पाट्या सुरू झाल्या, त्यांवर डॉक्टर होऊ घातलेल्या मुलामुलींचे फोटो. रस्त्यावर पाठीला सॅक लावलेली पोरंच पोरं, गावोगावहून आलेली. एवढी तरुण माणसं एका जागी मी आमच्याकडे गणपतीतच बघते.

एका गाड्यावर निलंगा राईस खायला उभे राहिलो. पिवळाधमक, झणझणीत भात, वर कांदा. तो तुकडा पसरल्यापासून वैष्णवी पहिल्यांदा नीट जेवली. इथे नेट चालू होतं. तिचा फोन खणखणायला लागला, आणि थांबेना. गावात जे घडलं त्याचा बाहेर पत्ताच नव्हता. बाहेर तो तुकडा पुढे पुढे जात होता, पुण्यात, हैदराबादेत, आणखी कुठे कुठे. त्या गावाचं नावही कधी न ऐकलेली माणसं तिला काय काय म्हणत होती. वडिलांनी तो फोन तिच्या हातातून घेतला आणि आपल्या खिशात टाकला. खिशातही तो गुरगुरत राहिला. शेजारी भात खाणाऱ्या दोन मुली वैष्णवीकडे बघून आपल्या फोनकडे बघत होत्या. मी मुद्दाम मध्ये जाऊन उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी अंतिम फेरीच्या आधी मी आयोजकांना सांगितलं की मी या मुलीबरोबर प्रवास केलाय, तिच्या संघाला मी गुण देणार नाही. त्यांनी ते मान्य केलं. विषय तोच होता, बाजू चिठ्ठी टाकून ठरायच्या होत्या. वैष्णवीच्या संघाला निघाली नियंत्रणाच्या बाजूची. म्हणजे नांदेडला जिच्याविरुद्ध ती बोलली, तीच.

ती उभी राहिली तेव्हा आवाज खणखणीत नव्हता. ती म्हणाली, "माझ्याबद्दल एक खोटी गोष्ट पसरली. मी तक्रार केली. ज्याच्याकडे केली त्याला चेहरा न्हाई, ऑफिस कुठे हाय माहीत न्हाई, माझी भाषा त्याला कळत न्हाई. माझ्या पोलीस ठाण्याचं तो ऐकत न्हाई. माझ्या देशाचं ऐकतो का, ते त्याच्या मनावर हाय. सगळ्या देशांनी मिळून एक तरी दार ठेवावं, जे मला ठोठावता येईल. एवढीच माझी मागणी हाय."

तिच्यासमोर लातूरचा एक मुलगा होता, हुशार, तयारीचा. तो उठून म्हणाला, "दार ठेवलं तर ते ठोठावायला सगळ्यांत आधी कोण आलं असतं? तुमचंच गाव आलं असतं, तुमच्याविरुद्ध तक्रार घेऊन. आणि सरकारांनी लोकांची संख्या बघून निकाल दिला असता."

त्याने तो तुकडा पाहिला होता, हे सगळ्यांना कळलं. शेवटच्या रांगेत तिचे वडील उभे राहिले, मग काय करावं न कळून पुन्हा बसले. वैष्णवीला उत्तराची वेळ होती. ती माइकशी आली.

"खरं हाय तुमचं," ती म्हणाली. "मला दोन्हीची भीती वाटून राहिली. कुणीच बघत न्हाई अशा जागेची बी, आणि सगळ्या सरकारांनी मिळून बघण्याची बी. आज मला चिठ्ठीत ही बाजू आलीय, म्हणून मी ही सांगितली."

आणि वेळ शिल्लक असताना ती जागेवर जाऊन बसली. वादविवादात असं बोलणं म्हणजे हार मान्य करणं. पहिला क्रमांक त्या मुलाच्या संघाला गेला, रीतीप्रमाणे योग्यच. निकालानंतर तो तिच्याकडे आला, म्हणाला, "सॉरी, मी ते गावाचं काढायला नको होतं." ती म्हणाली, "मुद्दा बरोबर होता." दोघं तिथेच उभे राहून पुढे बराच वेळ बोलत होते. तिचे वडील थोड्या अंतरावर, हातात तिची पिशवी घेऊन.

परत

घरी आल्यावर मी पहिलं काम केलं ते म्हणजे माझं पूर्ण रेकॉर्डिंग त्याच साइटवर टाकलं. शेजारच्या मुलीने कसं टाकायचं ते दाखवलं. दोन दिवस ते होतं. बऱ्याच जणांनी ऐकलं, काहींनी चांगलंही लिहिलं. मग कुणीकुणी त्याच्याविरुद्ध तक्रारी केल्या, आणि एका सकाळी ते तिथून नाहीसं झालं. मला उत्तर आलं, इंग्रजीत: भावना दुखावणारा मजकूर. मी पुन्हा दाद मागितली आहे. त्याचं उत्तर अजून नाही. कापलेला तुकडा कुठे कुठे आहे ते आता शोधायचंही मी सोडलं.

हे सांगायला मी वैष्णवीला फोन केला. तिला वाईट वाटेल म्हणून चाचरत सांगितलं. ती म्हणाली, "राहू द्या मॅडम. गावात बऱ्याच जणांनी तुमचं ऐकलं ना, तेवढं बास झालं." जत्रा झाली होती, तीही गेली होती, आईबरोबर, दर्शन घेऊन लगेच परत आली. ती पोरं? ती दिसतात, ती म्हणाली, बोलत न्हाईत.

"आणि कॉलेज? बोलतेस की नाही वर्गात?"

"बोलते. पण तोंड उघडायच्या आधी बघते, हे वाक्य कुठं कापलं तर कसं दिसंल. मधूनच कापलं तर, शेवटाला कापलं तर. लई वेळ लागतो त्याला, मॅडम. सर प्रश्न विचारतात, मला उत्तर येत असतं, पण माझं बघून होईपर्यंत दुसरं कुणी तरी हात वर करून सांगून टाकतं."